गाळाचा हिशेब



२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकरांच्या लक्षात राहिली ती पाण्यामुळे. मध्यरात्रीनंतर धो धो पाऊस सुरू झाला, चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी पात्र सोडून लोकांच्या घरांत शिरली. आमच्या सीताबर्डीत मोरभवनच्या बसस्थानकावर गाड्या पाण्यात उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ते फोटो सर्वांनी पाहिले. पाणी उतरले, फोटो काढणारेही परतले. आजचे सदर त्याच्या पुढचे आहे.

रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा कार्यकर्ते फावडी, घमेली आणि बिस्किटांचे पुडे घेऊन नदीकाठच्या एका वस्तीत गेलो. धान्य-चादरी वाटाव्यात, नावे लिहून घ्यावीत, असा बेत होता. पहिल्याच घराच्या उंबऱ्यावर एक म्हाताऱ्या मावशी बसल्या होत्या. बिस्किटाचा पुडा त्यांनी हातात घेतला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "पानी तं आलं न् गेलं, भाऊ. हा गारा कोन उपसन?"

आत पाहिले तर खोलीभर काळा, चिकट, वास मारणारा गाळ. पलंगाचे पाय त्यात रुतलेले. नातवाची दप्तरे, तांदळाची कोठी, भिंतीवरून पडलेली बाबासाहेबांची तसबीर, सगळे त्या थरात. आम्ही तसबीर आधी काढली, मग कामाला लागलो.

मी पेशाने कारकून, शिक्षणाने बी.कॉम. आकडा दिसल्याशिवाय मला गोष्ट पटत नाही, ही माझी खोड घरचे जाणतात. खोली दहा बाय बाराची. गाळ साधारण अर्धा फूट. म्हणजे साठ घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, हे रेती घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तेव्हा एका खोलीत अर्ध्या ब्रासपेक्षा जास्त ओला गाळ, वजनाने अडीच टनांच्या वर. पंधरा किलोचे एक घमेले धरले तर पावणेदोनशे घमेली. मावशींच्या घरात त्या, त्यांची सून आणि आठवीतला नातू. मुलगा कामासाठी बाहेरगावी. पावणेदोनशे घमेली कोण उपसणार होते?

नंतर पंचनामे झाले. सरकारने कुटुंबामागे दहा हजार रुपयांची तातडीची मदत जाहीर केली होती, ती अनेकांना मिळाली, काहींना कागदासाठी हेलपाटे घालावे लागले. त्या निमित्ताने पंचनाम्याचा छापील कागद माझ्या हाती आला. घरात पाणी किती उंच होते, त्यासाठी रकाना होता. वाहून गेलेल्या, भिजलेल्या सामानासाठीही होता. गाळासाठी रकाना नव्हता. आमच्या खात्यात एखादी रक्कम जमेला आली आणि खर्चात दिसली नाही, तर साहेब संध्याकाळपर्यंत खुर्चीवरून उठू देत नाहीत. इथे एका वस्तीत शेकडो टन माल आला, आणि तो कुठून आला, कुठे गेला, याची नोंदच नाही. तेव्हापासून मला हा नाद लागला. ग्रंथालयात बसलो, एक-दोन जाणकार अभियंत्यांना गाठले, गडचिरोलीकडच्या नातलगांकडे गेलो तेव्हा नदीवर जाऊन आलो. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

पूर म्हटला की आपण पाणी मोजतो. किती इंच पडला, किती फूट चढला, किती क्युसेक्स सोडले. परंतु नदी ही पाण्याइतकीच मातीचीही वाहतूक करते. डोंगर झिजतो, शेत धुपते, ती माती नदी उचलते आणि समुद्राकडे नेते. हे काम वर्षभर सारखे चालत नाही. सीताबर्डीच्या मेन रोडवरच्या दुकानदाराला विचारा, वर्षाचा धंदा कधी होतो? तो दिवाळीचे आठ दिवस सांगेल. बाकीचे दिवस दुकान उघडायचे, झाडायचे, बसायचे. नदीचेही तसेच. गोदावरीसारख्या नदीत वर्षभरात जो गाळ जातो, त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक पावसाळ्याच्या महिन्यांत जातो, आणि त्यातही मोठा भाग मोजक्या पुरांच्या दिवसांत. एखादा महापूर दोन-चार दिवसांत एवढा माल हलवतो की साध्या वर्षाला तो अख्ख्या वर्षात हलत नाही.

हे का होते ते समजायला फार गणित लागत नाही. पाण्याचा वेग वाढला की त्याची उचलण्याची ताकद वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, कितीतरी पटींनी वाढते. जुना ठोकताळा असा की वेग दुप्पट झाला तर पाणी पूर्वीपेक्षा चौसष्ट पट वजनाचा दगड ढकलू शकते. काल ज्याने गोटी हलत नव्हती, ते पाणी आज पाटा-वरवंटा घेऊन जाते. पाणी दहापट झाले तर गाळ दहापट न होता शंभरपट किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतो. दुसरी गोष्ट, पूर चढताना पाणी जितके गढूळ असते तितके तो उतरताना नसते. उन्हाळाभर नाल्यांत, उतारांवर, बांधकामांच्या ढिगाऱ्यांत साचलेली सुटी माती पहिला लोंढा उचलून नेतो. मागून येणाऱ्या पाण्याला उचलायला कमी उरते.

आणि जिथे वेग मोडतो तिथे ओझे खाली ठेवले जाते. आधी गोटे, मग रेती, मग बारीक पोयटा, सर्वांत शेवटी चिकणमाती. हे घरी करून पाहण्यासारखे आहे, मुलांना आवडेल. काचेच्या बरणीत ओंजळभर नदीकाठची माती घाला, पाणी भरा, झाकण लावून जोराने हलवा आणि खिडकीत ठेवून द्या. रेती मिनिटा-दोन मिनिटांत तळाशी बसते. पोयट्याला तास-दोन तास लागतात. वरचे पाणी मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही गढूळच दिसते. ती चिकणमाती.

आता मावशींची खोली आठवा. बाहेर रस्त्यावर पाणी वेगात होते, म्हणून तिथे गाळ कमी. दारातून आत शिरलेले पाणी चार भिंतींत अडकले, थांबले, आणि सगळे ओझे तिथेच टाकून निघून गेले. गरिबाचे घर म्हणजे पुराची बरणी झाली. वरच्या अंगाच्या वसाहतींतही पाणी शिरले होते, तेथील लोकांचेही हाल झाले, ते नाकारत नाही. पण ज्यांना वरचा मजला होता, पंप होता, मजूर लावायची ऐपत होती, त्यांचा गाळ चार दिवसांत फाटकाबाहेर आला. आणि फाटकाबाहेर आलेला गाळ पुढच्या पावसात उताराने कुठे गेला असेल, हे सांगायला नको.

हा माल येतो कुठून? नाग नदी शहराच्या पश्चिमेला लाव्याच्या टेकड्यांकडून येते, अंबाझरी तलावाला टेकून शहरात शिरते आणि मध्यवस्तीतून पूर्वेकडे जाते. अंबाझरीचा बांध १८७० च्या सुमाराचा. दीडशे वर्षे तो तलाव वरची माती आपल्या पोटात घेत आला. तलावात गाळ भरला की पाणी धरण्याची जागा तेवढी कमी होते, आणि मोठ्या पावसात तो लवकर ओसंडतो. गाळ ही अशी पुराच्या आधीची आणि पुराच्या नंतरची, दोन्हीकडची गोष्ट आहे. वरच्या भागात पूर्वी काळी शेतजमीन आणि माळ होता. आता तिथे पाया खणणे चालते, मुरमाचे ढीग पडतात, रस्ते उकरले जातात. काळ्या मातीचा गुण आपण जाणतोच. उन्हाळ्यात भेगाळते, पाणी लागले की फुगते आणि पहिल्या जोराच्या सरीला विरघळल्यासारखी निघते. त्यात शहराचे सांडपाणी मिसळले की मावशींच्या खोलीतला तो वास तयार होतो.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. नदीचा गाळ किती जुना असू शकतो, याचा दाखला सीताबर्डीच्या टेकडीतच आहे. किल्ल्याखालचा वरचा खडक काळा, लाव्ह्याचा. त्याच्या खाली मातकट, चुन्याचा थर आहे, ज्याला भूशास्त्रज्ञ लॅमेटा म्हणतात. लाव्हा पसरण्यापूर्वी, साडेसहा कोटी वर्षांमागे, इथे ज्या नद्या आणि तळी होती त्यांनी आणून टाकलेला तो गाळ. नागपूरभोवतीच्या या थरांचा आणि त्यांतल्या शंखशिंपल्यांचा अभ्यास ज्यांनी प्रथम नीट केला, त्यांत स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी होते. हिस्लॉप कॉलेजचे नाव त्यांचेच. टाकळघाटकडचे जुने दगडी वर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, पूर आलेला नाला ओलांडताना ते बुडाले. ज्या माणसाने आयुष्यभर पाण्याने टाकलेली माती वाचली, त्याला शेवटी विदर्भातल्या एका नाल्यानेच नेले. मी त्या कॉलेजवरून कितीदा गेलो असेन, पण हे मला चाळिशीनंतर कळले. असो.

आता आपल्या घमेल्यातला गाळ पुढे जाऊ द्या. नाग नदी पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते. आंभोऱ्याचा पाच नद्यांचा संगम आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तिथून खाली पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण. पुढे वैनगंगा भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यातून जाऊन वर्धा नदीला मिळते आणि त्या जोडनदीचे नाव होते प्राणहिता. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. गोदावरी पुढे भद्राचलम, राजमहेंद्री करत बंगालच्या उपसागराला मिळते. गोदावरीचे खोरे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरचे, देशाच्या जवळजवळ दहाव्या हिश्श्याएवढे. त्यातला एक तृतीयांशाहून अधिक भाग एकट्या प्राणहितेचा, म्हणजे आपल्या विदर्भाचा आणि वरच्या मध्य प्रदेशाचा. त्र्यंबकेश्वरची गोदावरी आपण पुस्तकात वाचतो, पण खाली समुद्राजवळ जी गोदावरी आहे तिच्या पाण्यात आणि मातीत आपला वाटा फार मोठा आहे. सीताबर्डीचा चिखल हा राजमहेंद्रीचा माल आहे.

या खोऱ्याने मोठे पूर पाहिले. ३० जुलै १९९१ ची मोवाडची रात्र आमच्या पिढीला लहानपणापासून ऐकून माहीत आहे. नरखेड तालुक्यातले ते गाव वर्धा नदीच्या पुराने उद्ध्वस्त केले, २०४ माणसे गेली, पुढे गाव नव्या जागी वसवावे लागले. ऑगस्ट १९८६ मध्ये भद्राचलमला गोदावरी ७५ फुटांच्या वर चढली होती. जुलै २०२२ मध्ये पुन्हा ७१ फुटांवर गेली आणि त्याच पुरात सिरोंचा तालुक्यातली गावे, शेते पाण्याखाली होती. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला, मध्य प्रदेशातल्या धरणांचे पाणी आणि गोसीखुर्दचे दरवाजे, दोन्ही एकदम. गडचिरोलीकडचे माझे नातलग अजून सांगतात, पाणी ओसरल्यावर निसवायला आलेल्या धानावर गाळाचा लेप बसला होता. एकाच्या शेतात रेती येऊन पडली, एकाच्या शेतात पोयटा. पोयटा आलेल्याने त्या वर्षीचे पीक गमावले, पुढच्या वर्षी मात्र त्याचे रान चांगले पिकले. रेतीवाला अजून ती उचलतो आहे. एकाच पुराचे हे दोन निकाल, आणि दोघांमधले अंतर एका वळणाचे.

शहाण्या शेतकऱ्याला हे नवे नाही. झाडीपट्टीत कोहळी लोकांनी बांधलेले जुने तलाव आणि बोड्या आहेत. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की तिथली माती गाडीने शेतात न्यायची, ही तिथली वहिवाट. धरणाचे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते, तीही याच मातीच्या भरवशावर. सरकारनेही २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी योजना काढली. नावातच सगळे आले. धरणात जो रोग, तो शेतात औषध.

आता हिशेबाची दुसरी बाजू. वर आमच्या खोल्या गाळाने भरतात, तर खाली समुद्रकाठी गाळ जास्त येत असेल, असे कोणालाही वाटेल. घडले उलटे. गोदावरीचा त्रिभुज प्रदेश नदीने आणलेल्या मातीनेच हजारो वर्षांत तयार केला आहे. समुद्र रोज थोडी माती नेतो, नदी दर पुराला ती भरून काढते, असा तो व्यवहार. धवलेश्वरम बंधाऱ्याजवळच्या नोंदी सांगतात की १९७० च्या दशकात तिथून वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ जात होता. १९९० च्या दशकात तो ६ कोटी टनांच्याही खाली आला. मधल्या काळात खोऱ्यात धरणे झाली आणि माती त्यांच्या पोटात बसली. परिणाम असा की काठाची जमीन समुद्र खाऊ लागला. काकीनाड्याजवळच्या उप्पाडा गावात मासेमारांची घरे आणि रस्ता लाटांनी तोडला. त्या मासेमार बाईला जी माती हवी होती, ती आमच्या मावशीच्या पलंगाखाली पडून होती. दोघींपैकी एकीनेही ती मागितली नव्हती आणि नाकारलीही नव्हती.

धरणात असे होते की नदीचे वाहते पाणी जलाशयाच्या तोंडाशी येऊन मंदावते. रेती तिथेच बसते. बारीक माती थोडी पुढे, भिंतीजवळ. महापुरात दरवाजे उघडले तर बारीक गाळ पाण्याबरोबर खाली निसटतो, जाड रेती मात्र वरच अडकते. म्हणून धरणाखालच्या नदीला रेतीची भूक लागते आणि ती आपलाच तळ, आपलेच काठ पोखरते. वरून रेतीचे ट्रक रात्रंदिवस चालू असले, तर मग विचारायलाच नको. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ साली झाली. त्यासाठी ज्यांची गावे गेली त्यांत आपले बांधव कितीतरी आहेत, आणि त्यांच्या प्रश्नांवर या पानांतून लिहिलेही गेले आहे. ज्या जलाशयासाठी त्यांनी घरे सोडली, त्या जलाशयात नागपूरचे सांडपाणी आणि गाळ जाऊन बसतो, ही गोष्ट नागपूरकरांनी तरी लक्षात ठेवली पाहिजे.

इथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि तो केवळ श्रद्धेपोटी नाही. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी नाग लोकांचा आणि या शहरातून वाहणाऱ्या नाग नदीचा उल्लेख केला, तो आपणा सर्वांना माहीत आहे. त्याआधी, १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि सिंचन व वीज ही खाती त्यांच्याकडे होती, ते कमी जणांना माहीत असते. जुलै १९४३ मध्ये दामोदर नदीने बांध फोडला, रेल्वेमार्ग आणि ग्रँड ट्रंक रोड तोडला, ऐन महायुद्धात कलकत्त्याचा उत्तरेशी संबंध तुटला. त्यातून दामोदर खोऱ्याची योजना आकाराला आली. बाबासाहेबांनी बंगाल आणि बिहार या दोन्ही प्रांतांना एका टेबलावर बसवले. १९४५ मध्ये केंद्रात जलमार्ग व सिंचनासाठी जो आयोग झाला, त्यातूनच आजचा केंद्रीय जल आयोग आला. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला ओरिसाच्या नद्यांविषयी परिषद झाली. तिथे त्यांनी मांडलेले म्हणणे थोडक्यात असे, की पुराचे पाणी शत्रू समजून नुसते बांध घालून हाकलण्यात शहाणपण नाही, ती संपत्ती आहे, साठवली पाहिजे, आणि नदीचे सबंध खोरे एक धरून विचार झाला पाहिजे.

बांधांविषयीचे त्यांचे म्हणणे गाळाच्या दृष्टीने किती खरे होते ते पुढे दिसले. नदीला दोन्ही बाजूंनी बांध घातले की शेतात पसरणारा गाळ पात्रातच बसतो, तळ वर येतो, मग बांध आणखी उंच करावा लागतो, आणि एक दिवस नदी आजूबाजूच्या गावांहून उंचावरून वाहू लागते. कोसी नदीने १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळात कुसहा येथे बांध फोडला आणि बिहारचे लक्षावधी लोक बेघर झाले, त्यामागे हेच होते. चीनच्या पिवळ्या नदीची शेकडो वर्षांची कथाही हीच. आमची नाग नदी त्यांच्यापुढे ओहोळ म्हणावी इतकी लहान. पण तिलाही ठिकठिकाणी भिंती घातल्या आहेत, आणि ठेंगण्या पुलांखाली वेग मोडला की ती तिथेच ओझे टाकते. पुढच्या पुराला जागा तेवढी कमी.

बाबासाहेबांच्या नावाने भाषण करणारे बहुधा इथे थांबतात. मला थोडे पुढे जावेसे वाटते. दामोदरवर महामंडळाने पहिल्या टप्प्यात तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चारच धरणे १९५९ पर्यंत बांधली, मूळ आराखडा त्याहून मोठा होता. आणि मैथन व पंचेतमध्ये गाळ अंदाजापेक्षा लवकर भरू लागला. म्हणजे पाणी साठवण्याच्या विचाराबरोबर माती अडवण्याचा आणि पुढे सोडण्याचा विचारही तेवढ्याच जोराने व्हायला हवा होता. तो अभियंत्यांकडून कमी झाला. यात बाबासाहेबांच्या विचाराला कमीपणा येत नाही. सबंध खोरे एक धरा, हे त्यांचे सूत्र घेतले तर माती आपोआप त्यात येते, कारण खोऱ्यात पाणी आणि माती वेगळी नांदत नाहीत. आपण सूत्र घेतले ते अर्धेच.

केंद्रीय जल आयोगाची माणसे नद्यांवर गाळ मोजतात. वैनगंगेवर आष्टीला आणि प्राणहितेवर टेकड्याला त्यांची केंद्रे आहेत. नदीच्या पाण्याचा नमुना घ्यायचा, गाळून त्यातली जाड रेती, मधली रेती आणि बारीक माती वेगळी करायची, वजन करायचे. कंटाळवाणे, चिकाटीचे काम. कारकुनाला त्याची किंमत कळते. अडचण अशी की तळाशी घासत, लोळत जाणारी रेती त्या बाटलीत येत नाही, आणि ज्या दोन दिवसांत वर्षभराचा माल जातो, त्याच दिवसांत नदीवर उभे राहणे सर्वांत कठीण असते. वहीत सर्वांत मोठी नोंद ज्या दिवशी व्हायला हवी, नेमका त्याच दिवशी हात थरथरतो. आणि शहरातल्या लहान नद्यांवर तर ही वहीच नाही.

मग आपण काय करावे? मी काही तज्ज्ञ नाही, पण तीन पावसाळे वस्त्यांत फिरून जे दिसले ते बोलतो. उन्हाळ्यात नदीतून गाळ काढतात, ते चांगलेच. पण मी स्वतः पाहिले आहे, की काढलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवला जातो आणि जूनच्या पहिल्या पावसात तो परत पात्रात उतरतो. पैसे एकदा काढण्याचे, दुसऱ्यांदा पुन्हा काढण्याचे. त्या ढिगाकडे वस्तीतल्या लोकांनी लक्ष ठेवावे, तारीख टाकून फोटो काढावा आणि लेखी अर्ज द्यावा. तोंडी सांगणे म्हणजे पाण्यावर लिहिणे. दुसरे, सांडपाण्याच्या नदीचा गाळ पोयटा समजून थेट भाजीच्या वाफ्यात टाकू नये. तलावाची माती वेगळी, नाग नदीची वेगळी, तपासल्याशिवाय वापरू नये. गाळ उपसताना पायात बूट आणि हातात मोजे हवेतच. आमच्यातल्या दोन मुलांना त्या रविवारनंतर पायाला फोड आले, जखमा चिघळल्या, ती चूक आमची होती. आणि पंचनाम्याच्या वेळी, कागदावर रकाना असो वा नसो, गाळाची उंची लिहून द्या असा आग्रह धरावा. शेरा लिहायला खाली जागा असते. पाण्याने भिजलेले घर आणि गाळाने भरलेले घर यांचा खर्च एक नसतो.

२०२४ च्या मे महिन्यात मावशींकडे गेलो होतो. उंबऱ्यावर त्यांनी दोन विटांचा थर चढवला आहे. आत भिंतीला चुना दिला होता, पण कोपऱ्यात हातभर जागा सोडली होती. तिथे गाळाची रेघ अजून दिसते. नातवाने तिच्या बाजूला खडूने लिहिले आहे, २३-९-२०२३, सहा इंच. त्याच्याकडे कंपासपेटीतली पट्टी होती. तुमच्याकडे पट्टी नसली तर वीत चालेल, पण तारीख टाकायला विसरू नका.